उतरलाय

या, असे पुढे सरका. त्या खांबाला टेकून बसलात तर डोळा लागेल, आणि ही कथा डोळे मिटून ऐकायची नाही. गेल्या चैत्रात, मांडवीच्या अलीकडे, जिथून समुद्र दिसत नाही पण अष्टौप्रहर ऐकू येतो अशा एका वाडीत, रामरायाचा जन्म पापडांच्या गराड्यात झाला. हसायचं असेल तर हसा, पण उठून जाऊ नका. शेवटी तुमच्याकडे एक मागणं आहे. खिशात हात घालायला नको, एवढं छोटं मागणं.

तर त्या वाडीत आत्मारामबुवा राहतात. कीर्तनकार. वय अडुसष्ट, अंगकाठी उपरण्यासारखी, आणि आवाज असा की देवळाबाहेर चपला राखत बसलेल्या माणसालाही आत बसल्यासारखं वाटावं. एक्केचाळीस वर्षं रामनवमीचं कीर्तन त्यांचंच. साडेदहाला उभे राहायचे, आणि घड्याळाकडे एकदाही न बघता कौसल्येला अशा बेताने घेऊन यायचे की ‘जन्मला’ हा शब्द ओठांतून सुटायला आणि बाराचा ठोका पडायला एकच गाठ. याला साधना म्हणतात. नाहीतर आपण, समोर घड्याळ असून बस चुकवतो.

पण बुवांचं एक होतं. त्यांना हवा लागायची.

म्हणजे असं, की कोरडा, स्वच्छ दिवस उगवणार असला की बुवा पहाटेच फुललेले. दारातल्या कुत्र्याला “या देवा, बसा” म्हणायचे. पोस्टमनला चहा, दूधवाल्याला आशीर्वाद. आणि मळभ यायचं असलं, आल्यावर नव्हे, अजून पाच-सहा तासांनी यायचं असलं, की बुवांचा चेहरा उतरायचा. चहा अर्धाच पिऊन कप बाजूला. भाजीला मीठ नाही. मीठ असलं तर भाजीला अर्थ नाही. मग दुपारी खरोखर आभाळ भरून यायचं.

नम्रता, बुवांची सून, लग्न होऊन देवरुखहून इथे आली तेव्हा तिला यातलं काही माहीत नव्हतं. नवरा संदेश जहाजावर, वर्षातले आठ महिने पाण्यात. सासूबाई तिने फोटोतच पाहिलेल्या. घरात ती आणि बुवा. पहिल्या उन्हाळ्यात शेजारपाजारच्या बायका रोज सकाळी दगडी गडग्यावरून वाकून विचारायच्या, “बुवा कसे आहेत गो?” तिला वाटायचं, काय माया आहे या माणसांत. एकदा ती सहज म्हणाली, “आज जरा गप्प गप्प आहेत.” आणि बघता बघता चार खळ्यांतलं, म्हणजे अंगणांतलं, वाळवण नाहीसं झालं. मिरच्या गेल्या, काजूबिया गेल्या, सांडग्यांची चटईच्या चटई उचलून दोघीजणी आत धावल्या. वर आभाळ निळंशार. नम्रता दारात उभी राहून मनात म्हणाली, ही माणसं धड नाहीत.

दुपारी अडीचला पाऊस आला.

तिने आभाळाकडे बघितलं, मग ओटीकडे. तिकडे आभाळात कुठेतरी ढग जुळतोय, आणि इकडे ओटीवर बसलेल्या एका म्हाताऱ्याच्या कपाळाला आठी पडतेय. मध्ये ना तार, ना खांब. तिने त्या दिवशी देवाजवळ दोनदा दिवा लावला. एक देवासाठी, आणि एक, कुणासाठी ते तिचं तिलाही कळलं नाही.

पुढे तिनेच त्याची शिस्त लावली. ‘वाळवण’ नावाचा ग्रुप काढला. रोज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी बुवांच्या कपाचा फोटो. कप रिकामा असला तर दिवस कडक, घाला पापड. अर्धा भरलेला असला तर हात आखडा. त्रेसष्ट बायका त्या कपावर विसंबून होत्या, आणि होडीवाल्यांतले दोघेतिघेही चोरून बघायचे म्हणे. एवढी वर्षं कप चुकला नाही. बुवांना याचा पत्ता नव्हता. सून रोज आपल्या उष्ट्या कपाचा फोटो काढते हे त्यांनी एकदा पाहिलं, पण हल्लीच्या मुलींचं काही तरी असेल म्हणून सोडून दिलं.

आता केरूचं सांगायला हवं.

केरू बुवांचा तबलजी. भिंतीला भिंत लागून घर. तरुणपणी गलबतावर खलाशी होता, नंतर जेटीवर इंजिनं दुरुस्त करायचा, आणि उरलेला वेळ बुवांच्या मागे तबल्यावर. चाळीस नवम्या त्याने वाजवल्या. बुवा कथेच्या भरात कुठे थांबणार, कुठे श्वास घेणार, कुठे रडणार, हे केरूच्या बोटांना आधी कळायचं आणि बुवांना मागून. त्या चैत्राआधीच्या कार्तिकात केरू गेला. सकाळी चहा प्यायला, भिंतीला पाठ लावली, आणि संपलं.

बुवा सगळ्या दिवसांना गेले, सगळं नीट केलं, डोळ्यांत पाणी दिसलं नाही. तेराव्याला घरी आले आणि नम्रताला म्हणाले, “हवा फार जड आहे आज.” आणि भरदुपारी झोपून राहिले.

थंडीत कोकणात हवा बदलते कुठे? मार्गशीर्ष, पौष, माघ, एकासारखा एक दिवस. त्यामुळे कपाचं काही बिनसलंय हे कुणाच्या लक्षात आलं नाही. ते आलं होळीनंतर. कप रिकामा, लख्ख, तळाशी साखरसुद्धा नाही. शेजारच्या समीक्षाने त्या विश्वासावर चारशे पापड घातले आणि अकरा वाजता आभाळ फाटलं.

“बुवांना काय झालंय?” समीक्षाने फोन करून विचारलं. पापडांचा लगदा झाला होता, त्यामानाने आवाज मऊ होता.

“एखादा दिवस चुकायचाच, वहिनी.”

“एखादा दिवस नाही, चारशे पापड चुकले.”

पुढे पाडवा आला. पाडव्याच्या दिवशी कप अर्धा. सगळ्यांनी हात आखडले. ऊन कडक. बीजेला अर्धा. ऊन आणखी कडक. तीज, चौथ, पंचमी, षष्ठी, कप अर्धा तो अर्धाच, आणि आभाळात औषधालाही ढग नाही. उडदाचं पीठ भिजून आंबलं. चिरलेले फणस काळे पडले. सानिकाने ग्रुपवर लिहिलं, “बुवा जुने झाले, नवीन मॉडेल बघा.” त्याखाली हसऱ्या तोंडांची रांग लागली. नम्रताला ती रांग बघवेना. कप तिचा, फोटो तिचा, आणि हसं मात्र त्या बिचाऱ्या माणसाचं.

सप्तमीला खरी कुऱ्हाड पडली. देवळाची व्यवस्था बघणारा दीपक उत्सवाचं विचारायला आला, तेव्हा बुवा खाली बघून म्हणाले, “दीपक, यंदा दुसरं कुणीतरी बघा. माझ्याच्याने उभं राहवणार नाही.”

“आजारी आहात का?”

“नाही रे. मन लागत नाही. हवाच अशी आहे.”

दीपकने बाहेर बघितलं. बाहेर इतकं ऊन होतं की कावळासुद्धा सावली सोडायला तयार नव्हता.

दीपकला वाटलं, तबलजीची अडचण असेल. तो घरी गेला आणि एक यंत्र घेऊन आला. बटण दाबलं की तबला वाजतो, हवा तो ताल, हवी ती पट्टी. “बुवा, हे बघा. पावसाळा असो, उन्हाळा असो, हे उतरत नाही, चढत नाही. आता बिनघोर व्हा.”

बुवांनी यंत्राचं थोडं ऐकलं. “हे थकतं का?”

“अजिबात नाही.”

“मग मी अडखळलो तर ते माझ्यासाठी थांबणार कसं?”

दीपकने यंत्र पिशवीत घातलं. तो गेल्यावर नम्रता बुवांच्या जवळ जाऊन बसली. ती या घरात आल्यापासूनच्या सात वर्षांत जे कुणी केलं नव्हतं ते तिने केलं. विचारलं, “बाबा, काय होतंय तुम्हाला?”

बुवांनी दारातून निळ्या आभाळाकडे बघितलं. चेहऱ्यावर लहान मुलाचा गोंधळ होता. म्हणाले, “काय माहीत गो. पाऊस येतोय बहुतेक.”

आणि नम्रताच्या काळजात लख्ख झालं. या माणसाचा चेहरा उतरला की सगळी वाडी पापड उचलायला धावते. तिने स्वतः कपाचे फोटो काढले, हजारांनी काढले असतील, पण कप खाली ठेवून विचारलं कधी नाही. आणि बुवांनी तरी स्वतःला कुठे विचारलं? तेही आभाळाकडेच बघत बसलेले.

अष्टमीला दुपारी ती शेजारी, केरूच्या घरी गेली. विमलाकाकी, केरूची बायको, पडवीत फणसाचे गरे चिरत बसली होती. हाताला तेल, पुढ्यात विळी.

“काकी, बाबा कीर्तन नाही म्हणतात.”

“ऐकलं. भिंतीला कान हायत माझ्या घरच्या.”

“हवा कळायची ती पण कळेनाशी झाली त्यांना. सगळे हसतायत.”

विमलाकाकी चिरायची थांबली. “बुवांना हवा कधी कळत होती गो?”

“म्हणजे?”

“हवा कळायची ती ह्यांच्या तबल्याला.”

तिने हात पुसले, आत गेली आणि मांडीएवढं एक गाठोडं घेऊन आली. केरूच्या जुन्या लुंगीत बांधलेला तबला. गाठ सोडता सोडता ती सांगत राहिली. “हे रोज पाचाला उठायचे. तोंड धुवायच्या आधी तबल्यावर एक थाप. हवा कोरडी असली की चामडं ताणतं, सूर वर जातो. ओल येणार असली की चामडं आधी सैल पडतं. आपल्याला घाम यायच्याही आधी. मग हे भिंतीवरून हाक द्यायचे. ‘बुवा, चढलाय.’ नायतर, ‘बुवा, उतरलाय.’ एकच शब्द. तिकडनं बुवा म्हणायचे, ‘तुझं तोंड उतरलंय, मेल्या.’ झालं. तो शब्द कानात गेला की दिवसभर बुवा तसेच. चढलाय म्हटलं की चढलेले, उतरलाय म्हटलं की उतरलेले. तुम्ही सहाला उठणाऱ्या बायका. तोपर्यंत दिवस कधीच ठरलेला असायचा.”

नम्रता मनात एकेक टप्पा जोडत गेली. ढगातून चामड्यात, चामड्यातून केरूच्या कानात, केरूच्या एका शब्दातून बुवांच्या चेहऱ्यावर, तिथून कपात, आणि कपातून त्रेसष्ट घरांच्या खळ्यांत. देवाने केवढी लांब तार ओढली होती, आणि तिला वाटलं होतं मध्ये काहीच नाही. मध्ये एक माणूस होता. रोज पहाटे उभा राहायचा, एक शब्द बोलायचा आणि कामाला निघून जायचा.

“आणि आता आठ दिवस कप अर्धा का?” तिने हळूच विचारलं.

“पाडव्यापासून नवमीपर्यंत दोघं रोज तालमीला बसायचे. तुमच्याच ओटीवर. तुला आठवत नाय?”

आठवत होतं. इतकं रोजचं होतं की आठवायचं राहून गेलं होतं.

विमलाकाकीने तबल्यावर एक थाप मारली. सूर पडवीभर घुमला आणि बराच वेळ कौलांखाली रेंगाळला. “मी रोज पाचाला वाजवते,” ती म्हणाली. “लुंगीतच ठेवून, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. ते गेले, पण चामड्याला कुठे कुणी सांगितलंय.”

नवमीच्या पहाटे नम्रता पाचाच्या आधी उठून आपल्या पडवीच्या पायरीवर बसली. बुवा तुळशीला पाणी घालत होते. भिंतीपलीकडून थाप आली. एकच, स्वच्छ, उंच. आणि त्यामागून थोडा कापरा बायकी आवाज.

“बुवा, चढलाय.”

बुवांच्या हातातला तांब्या तसाच तिरपा राहिला. पाणी तुळशीवरून वृंदावनावर, वृंदावनावरून त्यांच्या पायांवर. ते म्हणाले, “कोण गो?”

“मी विमल. चढलाय म्हटलं.”

बुवा तिथेच वृंदावनाला धरून खाली बसले आणि रडले. कार्तिकापासूनचं सगळं रडले. नम्रता जवळ जाऊन नुसती उभी राहिली. ते थांबले तेव्हा तिने चहा आणला. कप त्यांनी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला आणि भिंतीकडे तोंड करून विचारलं, “विमल, तबल्यावर धुमाळी वाजवता येते का तुला?”

“तेवढीच येते, बुवा. ऐकून ऐकून.”

“तेवढीच लागते.”

नम्रताने कपाचा फोटो काढला. रिकामा. पाठवताना बोट क्षणभर अडलं, पण पाठवला. खाली लिहिलं, “बुवा कीर्तन करणार आहेत.” अर्ध्या तासात आठ दिवस तुंबलेलं सगळं बाहेर आलं. गच्च्या, खळी, देवळामागचा कातळ, जिथे जागा तिथे चटया. पापड, चिकवड्या, मिरच्या, काजूबिया. वरून जाणाऱ्या घारीला वाटलं असेल की वाडीने अंगभर दागिने घातलेत.

साडेदहाला बुवा उभे राहिले. मागे तबल्यावर, डोक्यावरून पदर घेऊन, विमलाकाकी. पुरुषांत थोडी कुजबुज झाली. बुवांनी त्या दिशेला एकदा बघितलं आणि ती विरली. आणि मग जे सुरू झालं ते काय सांगावं. धुमाळी साधी होती, एकही नक्षी नाही, पण बुवा ज्या ज्या जागी थांबले त्या त्या जागी ती थांबली. दशरथाचं दुःख सांगताना ते म्हणाले, “राजाच्या मनावर मळभ होतं. वैद्य आले, ज्योतिषी आले, आभाळ बघून गेले. राजा, तुला काय होतंय, असं विचारणारं कुणी नव्हतं.” हे कुठल्या पोथीत आहे ते रामाला ठाऊक. नम्रता खाली मान घालून ऐकत होती.

पावणेबारा झाले आणि तबल्याचा सूर किंचित घसरला. विमलाकाकीने हातोडीने कडेला ठोकलं. सूर आला आणि पुन्हा घसरला. पुन्हा ठोकलं. पुन्हा घसरला. तिने मान वर केली, आणि जे चाळीस वर्षं पहाटे कानांवर पडत होतं तेच, कसलाही विचार न करता, तिच्या तोंडून गेलं.

“उतरलाय.”

माईक शेजारी होता. कर्णा देवळाच्या शिखराजवळ. सगळ्या वाडीवर तो शब्द फिरून आला.

बुवा बोलता बोलता थांबले. देवळाच्या दारातून बाहेरचं ऊन पांढरं दिसत होतं. त्रेसष्ट बायकांनी आधी त्या उन्हाकडे बघितलं आणि मग नम्रताकडे. कप सांगत होता कडक दिवस. तबला सांगत होता ओल. रामजन्माला दहा मिनिटं, आणि अशा वेळी देवळातून उठणं म्हणजे काय ते बायकांना सांगायला नको. नम्रताने बुवांकडे बघितलं. बुवा तबल्याकडे बघत होते.

ती उठली.

मग काय, सगळ्याच उठल्या. बांगड्यांचा, चपलांचा, “अगो माझी चटई” असा एकच कल्लोळ. सभामंडपात पुरुष उरले, गोंधळलेले. त्यांना वाटलं आता बुवा संतापणार. बुवांनी उपरणं कमरेला बांधलं आणि म्हणाले, “कौसल्येच्या अंगणातही वाळवण असणारच. बारा वाजायला सात मिनिटं आहेत. जा, तुम्हीही हात लावा. राम तेवढा थांबेल.”

राम थांबला. घरं लांब पडली म्हणून जो तो जवळच्या आडोशाला, म्हणजे देवळातच धावला. चटया, सुपं, परड्या, चादरीत गोळा केलेले पापड, सगळं सभामंडपात. पाळण्याच्या चारी बाजूंनी मिरच्या. मारुतीच्या पायाशी काजूबिया. बसायला जागा नाही म्हणून लोक भिंतीला चिकटून उभे, प्रत्येकाच्या हातात कुणाचंतरी सूप. पुरोहितांच्या मांडीवर चिकवड्यांचं ताट कुणी ठेवलं ते अजून कळलेलं नाही.

बुवांनी कथा जिथे सोडली होती तिथून उचलली. आणि बाराचा ठोका, ‘जन्मला’ हा शब्द, आणि कौलांवर पडलेला पहिला टपोरा थेंब, हे तिन्ही एकदमच आले. मागाहून कुणालाही सांगता येईना की आधी काय आलं. गुलाल उधळला गेला, घंटा झाली, आणि वर ताडताड पाऊस. चैत्रातला, भरदुपारचा, उन्हातला. पाळणा म्हणायच्या आधी बुवा वळले, तबल्यावर तळहात ठेवला आणि माईक तोंडासमोर आहे हे विसरून हळू आवाजात म्हणाले, “बरोबर आहे रे तुझं.”

देवळात असा एकही माणूस नव्हता ज्याचे डोळे कोरडे होते. पापड मात्र सगळे कोरडे राहिले. पाऊण तासात ऊन पडलं. सुंठवड्याबरोबर त्या दिवशी प्रत्येकाला कुणाच्यातरी पापडाचा तुकडाही मिळाला. भिजलं ते फक्त दीपकचं यंत्र, देवळाच्या कट्ट्यावर पिशवीत राहिलेलं. दीपक म्हणतो, गर्दीच्या घामाने चामडं उतरलं, त्यात नवल काय. असेल. मग पाऊस कुणाच्या घामाचा होता, ते त्याला विचारा.

ग्रुप अजून चालू आहे. आता पहाटे पाचला विमलाकाकीची हाक येते, नम्रता ती भिंतीआडून ऐकते आणि तो एक शब्द ग्रुपवर टाकते. सहाला कपाचा फोटोही जातो, पण त्याचा अर्थ बदललाय. तबला चढलेला आणि कप अर्धा, असा दिवस आला तर वाळवणाला कुणी हात लावत नाही. कुणीतरी एकजण हातातलं काम ठेवून बुवांच्या ओटीवर जाऊन बसतं. परवा समीक्षा बसली होती. चारशे पापडांचं तिने पुन्हा एकदा ऐकवलं, आणि बुवा हसले.

झाली कथा. आता ते मागणं. उद्या पहाटे जाग आली, आणि कारण नसताना मन हलकं वाटलं किंवा कारण नसताना जड वाटलं, तर आभाळाकडे खुशाल बघा. पण त्याच्याआधी क्षणभर केरूची आठवण काढा. खलाशी होता, तबला वाजवायचा, आणि भिंतीपलीकडच्या माणसाला रोज एक शब्द सांगायचा. एवढी आठवण ठेवा.